लहान चौकटीचे .२२ रिव्हॉल्व्हर : वाचकांचे प्रश्न

परवानाधारक शस्त्रे आणि नेमबाजी यांविषयीच्या या सदराकडे या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाभोवती फिरतात. जुने, लहान चौकटीचे .२२ रिमफायर (बुडाच्या कडेवर ठोका बसून उडणाऱ्या काडतुसाचे) रिव्हॉल्व्हर घ्यावे का, घेताना काय पाहावे आणि घेतल्यावर त्यात किती फेरफार करावेत, असे ते प्रश्न आहेत. त्यामुळे बाकीचे विषय पुढे ढकलून ही पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे मुद्दामच छापलेली नाहीत. घरात शस्त्र आहे हे गावभर कळण्यात कोणाचेच हित नसते.

प्रश्न : मला अप्रतिबंधित बोअरच्या (म्हणजे सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळू शकणाऱ्या व्यासाच्या नळीच्या) रिव्हॉल्व्हरसाठी परवाना मंजूर झाला आहे, पण शस्त्र अद्याप घेतलेले नाही. म्हापशाचे एक वयस्कर परिचित आपले स्मिथ अँड वेसन कंपनीचे चार इंची नळीचे .२२ रिव्हॉल्व्हर विकू पाहत आहेत. ते ‘किट गन’ असून साठच्या दशकातले आहे, असे ते म्हणतात. किंमत मात्र भलतीच सांगतात. घ्यावे का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : शस्त्र न पाहता ‘घ्या’ किंवा ‘नको’ असे सांगता येणार नाही; पण व्यवहार कोणत्या क्रमाने करावा हे सांगता येईल, आणि त्या क्रमात कागद पहिला येतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवानाधारकाला स्वतःच्या वापराचे शस्त्र दुसऱ्या परवानाधारकाला विकता येते. मात्र विकण्याचा इरादा आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला विकणाऱ्याने आधी लेखी कळवायला हवा, आणि त्यानंतर निदान ४५ दिवस उलटल्याशिवाय शस्त्र हाती देता येत नाही. आपले परिचित ‘आज पैसे द्या, आजच घेऊन जा, कागदाचे मागाहून बघू’ असे म्हणत असतील, तर त्यांच्या घरचा चहा घेऊन परत यावे. त्यांच्या परवान्यावर नोंदलेला क्रमांक आणि शस्त्रावर कोरलेला क्रमांक एकच आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. क्रमांक घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा नुसता संशयास्पद वाटला तरी तो व्यवहार तिथेच सोडावा, कारण ओळखखुणा नसलेले शस्त्र विकण्यास आणि हस्तांतरित करण्यास कलम ८ ने मनाई केली आहे. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात, म्हणजे हे रिव्हॉल्व्हर आपल्या दोन जागांपैकी एक कायमची अडवणार आहे, याचाही विचार आताच झालेला बरा.

आता शस्त्राविषयी. स्मिथ अँड वेसनचे पहिले रिव्हॉल्व्हर १८५७ साली आले, ते .२२ रिमफायरचेच होते; रिमफायर काडतुसावर चालणाऱ्या रिव्हॉल्व्हरांची परंपरा तिथून सुरू होते. आपण म्हणता ते घराणे मात्र नंतरचे आहे. .३२ बोअरच्या जरा भक्कम चौकटीवर .२२ ची नळी आणि सिलिंडर बसवायचे ही कल्पना १९११ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकार्ट नावाच्या विक्रेत्याच्या मागणीवरून प्रत्यक्षात आली, आणि तीस-चाळीस सालांच्या दरम्यान तिचेच आखूड नळीचे रूप ‘किट गन’ म्हणून विकले जाऊ लागले. मासेमारीच्या किंवा रानातल्या मुक्कामाच्या सामानात सहज मावावे, हा त्यामागचा हेतू होता. १९५३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली आणि १९५७ मध्ये कंपनीने आपल्या सर्व शस्त्रांना क्रमांक दिले तेव्हा त्याला ३४ हा क्रमांक मिळाला. म्हणून सिलिंडर बाहेर काढल्यावर चौकटीच्या आतल्या खाचेत ‘मॉडेल ३४’ असा ठसा दिसला, तर ते १९५७ ते १९९१ या काळातले आहे, इतके निश्चित होते. त्या वर्षी त्याचे उत्पादन थांबले. ठसा मुळीच नसेल, तर शस्त्र त्याहून जुने असण्याची शक्यता आहे आणि आपल्या परिचितांचे ‘साठचे दशक’ थोडे मागे सरकते. त्यात फसवणूक असेलच असे नाही. घरातल्या वस्तूंचे वय सांगताना माणसे नेहमीच दहा-पंधरा वर्षांची चूक करतात.

किंमत भलती का, याचे कारण सरळ आहे. ऐंशीच्या दशकापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्रे आयात करणे जवळपास बंद झाले. नामांकित नेमबाजांना मिळणारी सवलत हा अपवाद. त्याआधी देशात आलेली रिव्हॉल्व्हरेच तेव्हापासून हातोहाती फिरत आहेत. अमेरिकेत जे साधे जुने रिव्हॉल्व्हर म्हणून विकले जाते, त्याला इथे दुर्मिळतेचा भाव येतो. भाव दुर्मिळतेचा असल्यामुळेच शस्त्राच्या अवस्थेकडे अधिक कठोरपणे पाहावे लागते, कारण बिघडलेला भाग बदलून घेऊ म्हटले तर तो भागही तितकाच दुर्मिळ असतो.

पाहणी परवानाधारक विक्रेत्याच्या किंवा शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याच्या टेबलावर, चांगल्या उजेडात करावी. सिलिंडर उघडून काडतुसांची सहाही घरे रिकामी असल्याची खात्री केल्यावर प्रथम प्रत्येक घराच्या मागच्या काठाकडे भिंगातून पाहावे. रिमफायर काडतुसात पेटणारे द्रव्य बुडाच्या मधोमध नसते; ते बुडाच्या कडेच्या पोकळ वळ्यात सगळीकडे भरलेले असते, आणि फायरिंग पिन ती कड घराच्या काठावर चिरडते तेव्हा काडतूस उडते. घर रिकामे असताना कोणी वर्षानुवर्षे चाप ओढत बसले असेल, तर पिनेचा मार थेट पोलादी काठावर बसतो आणि तिथे तांदळाच्या कणीएवढा खळगा पडतो. खळग्याच्या कडेचा धातू घरात आत झुकतो, काडतूस नीट बसत नाही, बसले तर रिकामे टरफल निघत नाही, आणि ज्या जागी काडतुसाची कड चिरडायला हवी तिथे आधारच उरत नाही म्हणून ते उडतही नाही. वरून आरशासारखे चकाकणारे रिव्हॉल्व्हर या एका खुणेवरून नाकारावे लागते.

त्यानंतर घोडा अंगठ्याने अगदी हळू मागे घ्यावा आणि घोडा पूर्ण मागे जाऊन अडकण्याआधी सिलिंडर आपल्या खाचेत ‘टक्’ करून बसते का, हे सहाही घरांसाठी पाहावे. एखादेच घर मागे राहत असेल, तर सिलिंडर फिरवणारी बोटासारखी पट्टी किंवा मागची दातेरी चकती झिजली आहे. सिलिंडर पुढे-मागे हलवून बघावे. नळी आणि सिलिंडर यांच्यातली फट साधारण ०.१५ मिलिमीटरच्या आसपास असणे चांगले; ती पाव मिलिमीटरच्या पुढे गेली असेल, तर गोळी झाडताना शिशाचे कण बाजूला उडतात. सिलिंडर उघडे ठेवून फिरवताना टरफले बाहेर ढकलणारा दांडा डगमगला तर तो वाकलेला आहे. स्क्रूंच्या खाचा कुरतडलेल्या दिसल्या, तर आत कोणीतरी मिळेल त्या स्क्रूड्रायव्हरने हात घातला आहे, आणि मग बाहेरून न दिसणारे काय काय झाले असेल याचा अंदाज आपणच करावा. या सगळ्यांत पास झालेले शस्त्र असेल, तर किंमत थोडी जास्त वाटली तरी मी त्याला नकार देणार नाही.

प्रश्न : वडिलांनी हयातीतच आपले .२२ रिव्हॉल्व्हर वारसा परवान्याने माझ्या नावावर केले. माझा हात लहान असूनही मूठ धरताना करंगळी खाली लोंबकळते, चाप फारच जड आहे, पुढची साइट (नेम धरण्याची खूण) काळ्या निशाणावर दिसत नाही, आणि रंगही जागोजागी उडाला आहे. मूठ बदलून, स्प्रिंगा हलक्या करून, सगळ्यावर निकेल चढवून घ्यावे असे एका नातेवाइकाने सुचवले आहे. नळी थोडी आखूड केली तर पर्समध्येही राहील, असेही ते म्हणतात.
— एक वाचिका, मडगाव

उत्तर : आपल्या नातेवाइकांच्या चार सूचनांपैकी पहिली स्वीकारावी, दुसरी जवळपास नाकारावी, तिसरी पूर्ण नाकारावी, आणि चौथी पुन्हा तोंडातूनही काढू नये. परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करणे हा कलम ६ खाली गुन्हा आहे, आणि तसा परवाना घरगुती सोयीसाठी मिळत नसतो. चांगल्या विक्रेत्याने हे काम हाती घेण्याचा प्रश्नच नाही, आणि जो घेईल तो चांगला नव्हे.

बाकीच्या बाबतीत माझे मत असे आहे, की या वर्गातल्या रिव्हॉल्व्हरमध्ये जो बदल पुन्हा पूर्ववत करता येतो तेवढाच करावा. कारखान्यातून आले तसे उरलेले शस्त्र दरवर्षी कमी होत जाते, आणि त्याची निम्मी किंमत त्या जसेच्या तसे असण्यात आहे. मूठ हा त्यातला सर्वांत निर्धोक आणि सर्वांत उपयोगी बदल. या रिव्हॉल्व्हरच्या मूळ लाकडी फळ्या अरुंद असतात आणि चापाच्या कड्यामागे एक पोकळी राहते. मधले बोट तिथे वर सरकते आणि करंगळीला जागा उरत नाही. परदेशी नेमबाज ही पोकळी भरायला ॲल्युमिनियमचा छोटा जोड बसवत असत. आपल्याकडे तो मिळणे कठीण, पण चांगला सुतार मिळणे कठीण नाही, आणि लाकडाला गोव्यात तोटा नाही.

शिसवीचे जुने, चांगले सुकलेले लाकूड घ्यावे. मोडक्या पलंगाचा किंवा खुर्चीचा पाय असला तर उत्तमच, कारण ते लाकूड कित्येक पावसाळे बघून स्थिरावलेले असते. सागवान चालेल, पण त्याचे रेषे मोकळे असल्यामुळे बारीक कडा निघतात आणि खवले कोरताना त्रास होतो. फणसाचे लाकूड दिसायला देखणे असले तरी या कामासाठी जरा मऊच. सुताराकडे मूळ फळ्या नमुना म्हणून द्याव्यात. रिव्हॉल्व्हर मात्र मुळीच नेऊ नये, कारण दुरुस्तीचा परवाना नसलेल्या माणसाच्या हाती शस्त्र सोपवणे हे त्याच्यासाठी आणि आपल्यासाठीही संकटाचे होईल. चौकटीच्या मुठीचा आकार जाड पुठ्ठ्यावर टोकदार पेन्सिलीने आखून घ्यावा, अडकवणीच्या खिळीची जागा त्यावर अचूक मांडावी आणि तो पुठ्ठा सुताराला द्यावा. अर्धवट कोरलेल्या फळ्या घरी आणून आपणच बसवून पाहाव्यात. चौकटीच्या कडेला दिव्याची काजळी हलकीशी लावून फळी दाबली, की जिथे लाकूड टेकते तिथे काळा डाग उमटतो; तेवढाच भाग सुताराने खरवडायचा. असे चार-सहा फेरे झाल्यावर फळी पोलादाला केसभरही फट न ठेवता बसते. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करावे. जुलैत कोरलेली फळी दिवाळीनंतर सैल होते.

आणखी दोन गोष्टी. नवी मूठ मोठी करताना ती बटाच्या, म्हणजे मुठीच्या खालच्या टोकाच्या, खालून गुंडाळली जाईल, असे मोह पाडणारे नमुने चित्रांत दिसतात. पण आपल्या रिव्हॉल्व्हरचा क्रमांक बटाच्या तळाशी असतो, आणि नूतनीकरणाच्या किंवा तपासणीच्या वेळी अधिकाऱ्याला तो दिसायलाच हवा. म्हणून बट उघडा ठेवावा, निदान एका स्क्रूने मूठ उतरेल अशी तरी रचना असावी. दुसरे म्हणजे मूळ फळ्या कधीही विकू किंवा फेकू नयेत. कित्येकदा त्यांच्या आतल्या बाजूला रिव्हॉल्व्हरचाच क्रमांक लिहिलेला किंवा ठोकलेला असतो, आणि दोन्ही जुळत असतील तर त्या फळ्यांचे मोल वेगळेच आहे. जवसाचे तेल चोळून, कोरड्या कपड्यात गुंडाळून त्या वेगळ्या ठेवाव्यात. नव्या मुठीलाही जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत. चकचकीत पॉलिश घामाने चिकट होते.

चापाविषयी आपली तक्रार खरी आहे. दुहेरी क्रियेत, म्हणजे घोडा आधी न चढवता थेट चाप ओढताना, या लहान चौकटीच्या रिव्हॉल्व्हरांना बरेच बळ लागते. पण या जडपणाला कारण आहे. सेंटरफायर, म्हणजे बुडाच्या मधोमध पेटणाऱ्या, काडतुसाचा मधला पातळ पेला चेपायला जेवढा तडाखा पुरतो, त्याहून जोराचा तडाखा पितळेची दुमडलेली कड चिरडायला लागतो. .३८ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये हलकी मुख्य स्प्रिंग टाकून ज्यांचे समाधान झाले आहे, ते हाच प्रयोग .२२ वर करतात आणि मग दर सहातले एखादे काडतूस नुसते ‘खट’ करून राहते. म्हणून मुख्य स्प्रिंग कापू नये, वाकवू नये, बदलूही नये. त्याऐवजी परवानाधारक कारागिराकडून शस्त्र उघडून आतला चाळीस-पन्नास वर्षांचा घट्ट झालेला तेल-मळ साफ करून घ्यावा. निम्मा जडपणा पुष्कळदा त्या मळाचाच असतो. उरलेला सरावाने सुटतो. सराव मात्र प्लॅस्टिकची डमी काडतुसे भरूनच करावा, कारण रिकाम्या घरावर चाप ओढल्याने काय होते ते वर फोंड्याच्या वाचकांना सांगितलेच आहे. निशाण साधताना घोडा आधी चढवून मारले, तर चाप पुरेसा हलका असतो आणि .२२ चा आनंद खरे तर त्यातच आहे.

पुढच्या साइटवर पांढरा किंवा केशरी रंगाचा लहानसा ठिपका लावावा; नखांना लावायचा रंग चालतो आणि ॲसिटोनने निघतो. निशाण बाजूला लागत असेल, तर मागची साइट स्क्रूने हलते. गोळी ज्या बाजूला जायला हवी त्या बाजूला ती सरकवावी, एका वेळी थोडीच. निकेलविषयी एवढेच सांगतो, की निकेल चढवण्यापूर्वी धातू घासावा लागतो, घासला की ठशांच्या कडा बोथट होतात, आणि क्रमांक पुसट दिसू लागला की सगळा त्रास आपल्या पदरी. उडालेल्या रंगाचे डाग वापराच्या खुणा म्हणून राहू द्यावेत.

प्रश्न : लिस्बनला असलेला माझा चुलतभाऊ पुढच्या महिन्यात येतो आहे. त्याच्याकडून चांगल्या .२२ काडतुसांच्या दोन पेट्या आणि एक सुटे मॅग्नम सिलिंडर मागवू का?
— एक वाचक, वास्को

उत्तर : मुळीच नाही. काडतुसे, सिलिंडर, फायरिंग पिन, स्प्रिंगा हे दारूगोळा किंवा शस्त्राचे भाग म्हणूनच पाहिले जातात आणि त्यांच्या आयातीला कलम १० खाली परवाना लागतो. दाबोळीच्या विमानतळावर चुलतभावाची बॅग उघडली गेली, तर त्याची सुट्टी तिथेच संपेल. काडतुसे आपल्या परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेत, परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावीत आणि प्रत्येक खरेदीची नोंद करून घ्यावी.

मॅग्नमविषयीची एक गैरसमजूत दूर करणे आवश्यक आहे. .२२ मॅग्नमचे टरफल ‘.२२ लाँग रायफल’ या साध्या काडतुसापेक्षा व्यासाने मोठे असते. त्यामुळे साध्या घरात ते जातच नाही, आणि मॅग्नमच्या घरात साधे काडतूस घातले तर टरफल फुगते, फाटते आणि गरम वायू मागे येतात. आपल्या .२२ लाँग रायफलच्या घरात शॉर्ट किंवा लाँग ही आखूड काडतुसे चालतात. मात्र आखूड काडतुसे फार वापरली, तर घरात जळक्या शिशाचे वळे साचते आणि नंतर लांब काडतूस अडकते. जुन्या शस्त्रात साध्या वेगाची काडतुसे वापरावीत; जास्त वेगाच्या काडतुसांनी कागदावरच्या निशाणाला काहीच फरक पडत नाही, पण चौकटीला पडतो.

प्रश्न : सत्तरी तालुक्यात आमच्या बागायतीत रानडुकरे धुमाकूळ घालतात. बंदुकीपेक्षा रिव्हॉल्व्हर जवळ बाळगायला सोपे, म्हणून .२२ घ्यावे का?
— एक बागायतदार, वाळपई

उत्तर : नको. .२२ ची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास असते. ती रानडुकराला मारत नाही, फक्त जखमी करते, आणि जखमी डुकराच्या समोर आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर घेऊन उभे राहणे कसे असते, हे आपल्या भागातल्या जुन्या माणसांना विचारावे. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली सक्षम अधिकाऱ्याची परवानगी असल्याशिवाय ते मारता येत नाही. पीकसंरक्षणाच्या परवान्याचा विषय वेगळा आहे; त्यासाठी वनखात्याकडे आणि जिल्हाधिकारी कार्यालयाकडे रीतसर अर्ज करावा.

प्रश्न : आजोबांच्या जुन्या पेटाऱ्यात एक गंजलेले छोटे .२२ रिव्हॉल्व्हर सापडले. त्याचे कागद कुठेच मिळत नाहीत. ते चालत नाही असे वाटते. घासून-पुसून शोकेसमध्ये ठेवले तर चालेल का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : घासू नये, पुसू नये, चालवून तर मुळीच पाहू नये. कायद्यात पुरातन किंवा निकामी शस्त्रांना सूट आहे हे खरे. पण कलम ४५ ची भाषा अशी आहे, की दुरुस्ती करूनही जे शस्त्र चालू शकणार नाही अशाच शस्त्राला ती लागू होते, आणि ते ठरवणे आपल्या किंवा माझ्या हाती नाही. गंजलेले रिव्हॉल्व्हर कुशल माणसाच्या हातात गेले तर अनेकदा पुन्हा चालते. मूळ परवानाधारक वारल्यावर शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, असे कलम २१ सांगते. आधी एखाद्या वकिलाचा सल्ला घ्यावा, मग ठाण्याला लेखी कळवून त्यांच्या सूचनेप्रमाणे ते जमा करावे आणि पोचपावती घ्यावी. ते आपल्याकडेच राहावे असे वाटत असेल, तर वारस म्हणून परवान्यासाठी रीतसर अर्ज करता येतो. जुना परवाना जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नोंदीत सापडला तर काम बरेच हलके होईल, म्हणून आजोबांचे पूर्ण नाव आणि गाव अर्जात नीट लिहावे.

प्रश्न : आमचे घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. पावसाळ्यात रिव्हॉल्व्हरवर दर आठवड्याला तांबूस डाग येतात. खोबरेल तेल लावतो, तरी फरक पडत नाही.
— एक वाचक, पाळोळे

उत्तर : खोबरेल तेल आजपासून बंद करावे. ते काही आठवड्यांत चिकट होते, वास मारते आणि आतल्या बारीक सांध्यांत घट्ट बसते. थंडीत तर ते थिजतेच. शिलाई मशीनचे पातळ खनिज तेल किंवा शस्त्रांसाठीचे तेल घ्यावे, तेही बोटाला जाणवेल न जाणवेल इतकेच. दुसरे, आपण रिव्हॉल्व्हर कातडी म्यानात ठेवत असणार, असा माझा तर्क आहे. कातडे ओल धरते आणि कमावताना वापरलेली द्रव्ये पोलादाला खातात. म्यान फक्त नेण्यापुरते, ठेवण्यासाठी नाही.

पाळोळ्यासारख्या ठिकाणी पावसाच्या ओलीपेक्षा हवेतले मीठ अधिक त्रास देते, आणि मीठ तेलाच्या थराखालीही काम करत राहते. म्हणून आठवड्यातून एकदा आधीचे तेल कापडाने पूर्ण पुसून मगच नवे लावावे, नुसते वर चढवत जाऊ नये. मुठीच्या फळ्या महिन्यातून एकदा उतराव्यात, कारण गंजाची पहिली वस्ती नेहमी त्यांच्या खाली होते. ठेवण्यासाठी कॅमेऱ्याची भिंगे बुरशीपासून वाचवायला वापरतात तसली हवाबंद पेटी, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलसह, कुलूपबंद कपाटात ठेवावी. काडतुसे वेगळ्या कुलपात. त्यांना तेलाचा हात लागू देऊ नये; .२२ चे शिसे टरफलात फक्त दाबून बसवलेले असते आणि तेल झिरपून कडेतले द्रव्य निकामी होऊ शकते. काडतूस उडाले नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबावे आणि मगच सिलिंडर उघडावे. दुसरे रिव्हॉल्व्हर घ्यायचे ठरवाल तेव्हा त्याच घराण्यातले स्टेनलेस पोलादाचे मॉडेल ६३, जे १९७७ पासून बनू लागले, ते मिळते का पाहावे. किनाऱ्यावर त्याचा निभाव चांगला लागतो, पण पुसण्यातून त्याचीही सुटका नाही.

प्रश्न : निवडणुकीच्या वेळी शस्त्र ठाण्यात जमा करण्याचा आदेश येतो. माझ्या रिव्हॉल्व्हरला मी नुकतीच शिसवीची मूठ बसवली आहे. ती तिथे खराब होईल अशी भीती वाटते.
— एक वाचक, पेडणे

उत्तर : आदेश सर्वांनाच लागू आहे की छाननी समितीने निवडलेल्या परवानाधारकांना, हे आधी नीट वाचावे, धोक्याचे खरे कारण असल्यास सवलतीसाठी लेखी अर्ज करता येतो. जमा करावे लागलेच, तर आदल्या दिवशी मूळ फळ्या परत चढवाव्यात आणि शिसवीची मूठ घरी ठेवावी. तिथे कोणी आपल्या शस्त्राला महिनाभर तेल लावणार नाही, म्हणून या एका प्रसंगी नळीच्या आत आणि सिलिंडरच्या घरांत नेहमीपेक्षा जाड हात द्यावा. २०२२ च्या ग्रामपंचायत निवडणुका ऐन ऑगस्टमध्ये झाल्या होत्या, त्यामुळे निवडणूक कोरड्या ऋतूतच येईल असे धरून चालू नये. रिव्हॉल्व्हर रिकामे करून, कापडी पिशवीत घालून न्यावे. पावतीवर बनवणाऱ्या कंपनीचे नाव, बोअर, क्रमांक, नळीची लांबी आणि काडतुसे दिली असल्यास त्यांची संख्या लिहून घ्यावी, आणि अधिकाऱ्याची हरकत नसेल तर दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढावीत. परत मिळाल्यावर क्रमांक तिथेच ताडून पाहावा, आणि घरी आल्यावर पहिला चाप ओढण्याआधी ते सगळे तेल घरांतून व नळीतून कोरडे पुसून काढावे.